टायरातील काटा

आमच्या सायकलीच्या सीटखाली एक लहानशी खाकी पिशवी बांधलेली असते. तिच्याविषयी आमच्या धर्मग्रामातील मुलांना फार दिवसांपासून कुतूहल होते. एकीचे म्हणणे असे की तीत फादरांचे प्रार्थनेचे पुस्तक असते. तिच्या धाकट्या भावाचा तर्क अधिक आशावादी होता. त्याच्या मते तीत चॉकलेटे असावीत. परवा धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर आम्ही ती पिशवी सर्वांसमक्ष उघडून दाखविली. दोन लोखंडी पट्ट्या, सोल्युशनची एक नळी, जुन्या ट्यूबचे कापलेले गोल तुकडे, पॉलिश पेपरची एक घडी, वालट्यूबचा वीतभर तुकडा आणि कापसाचा एक बोळा एवढा ऐवज निघाला. मुलांची अगदीच निराशा झाली. त्या धाकट्याने मात्र शेवटचा प्रश्न विचारलाच, "फादर, कापूस कशाला?"

"काटा शोधायला," आम्ही म्हणालो. त्याहून अधिक काही त्या दिवशी आम्ही मुलांना सांगितले नाही. ती हकिकत लहानांसाठी नाही. तथापि घरोघरीच्या वडीलधाऱ्यांनी ती ऐकण्यास हरकत नसावी.

खानापूर तालुक्याच्या ज्या भागात आमची नेमणूक झाली तो वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. जांभ्या दगडाची लाल माती, भाताची खाचरे, मधूनमधून जंगलाचे पट्टे, आणि पाच-दहा घरांच्या विखुरलेल्या वाड्या. मुख्य गावातील चर्चखेरीज तीन ठिकाणी लहान प्रार्थनामंदिरे आहेत. त्यांतले सर्वांत लांबचे अकरा किलोमीटरवर. धर्मग्रामाची मोटारसायकल एक आणि धर्मगुरू दोघे. आमचे सहायक वयाने तरुण आणि त्यांच्याकडे कामे लांबची. म्हणून मोटारसायकल बहुधा त्यांच्याकडे असते, आणि आम्ही आपली दांड्याची काळी सायकल घेऊन जातो. यात त्याग वगैरे काही नाही. आम्हांस सायकल मनापासून आवडते. चढावर उतरून चालावे लागते, उतारावर टोपी सांभाळावी लागते, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलता येतात. मोटारसायकलवरून नुसता हात हलवता येतो.

सायकल आवडणे निराळे आणि सायकल ठाऊक असणे निराळे, हे मात्र आम्हांस चाळिशी उलटेपर्यंत कळले नव्हते. सेमिनरीत आम्ही कितीतरी वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, थोडीबहुत लॅटिनही शिकलो. चाकातील हवा गेली तर काय करावे, हे आम्हांस कोणी शिकविले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्ही कोणाला विचारलेही नाही. हवा गेली की सायकल ढकलीत दुकानापर्यंत न्यावी, दुकानदाराने ठिगळ लावावे, आम्ही पैसे द्यावेत, असा सरळ हिशेब होता.

२०१७ सालचा नोव्हेंबर महिना. भाताची सुगी चाललेली. ज्यांनी खळी केली आहेत त्यांना या दिवसांचे एक वैशिष्ट्य माहीत आहे. खळ्याभोवती आणि गवताच्या गंजीभोवती कुंपण करण्यासाठी लोक बाभळीच्या आणि बोरीच्या काट्या तोडतात आणि त्या रस्त्याने फरफटत नेतात. काट्यांचे ओझे पुढे जाते, मोडलेले काटे मागे रस्त्यावर राहतात. पावसाळ्यात ओल्या मातीत रुतून बसणारा काटा आता कोरड्या, टणक रस्त्यावर उभा राहतो. या महिन्यात आमची सायकल दुकानात जितकी जाते तितकी उरलेल्या वर्षात जात नाही.

एका शुक्रवारी सायंकाळी बाजाराच्या गावाहून परतताना पुढच्या चाकातील हवा गेली. दुकान जवळच होते. दुकानदाराने ट्यूब बाहेर काढली, पाण्याच्या घमेल्यात बुडविली, बुडबुडे आले ती जागा घासून ठिगळ लावले. नंतर तो टायरच्या आतून हात फिरवू लागला. अंधार पडत होता, आणि साडेसातला आमच्याकडे एका कुटुंबाचे लग्नाचे बोलणे होते. आम्ही त्याला म्हणालो, "अहो, ठिगळ लागलं ना? मग चढवा लवकर." तो काही बोलला नाही. त्याने टायर चढविला, हवा भरली आणि आम्ही निघालो. घरी पोहोचेपर्यंत हवा उत्तम होती. लग्नाचे बोलणेही उत्तम झाले.

शनिवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला. अकरा किलोमीटरवरच्या त्या वाडीतून एका घरचा मुलगा बोलत होता. मुलगा म्हणजे तोही पन्नाशीचा. त्याची आई पंधरा दिवस अंथरुणावर होती, आम्ही आठवड्यापूर्वी जाऊन तिला ख्रिस्तप्रसाद दिला होता, परंतु रुग्णाभ्यंगाचे आम्ही काढले तेव्हा ती हसून म्हणाली होती, "इतक्यात नको हो फादर, सुगी आटोपू दे." आता रात्रीपासून तिचा श्वास बदलला होता. मुलगा म्हणाला, "फादर, पलीकडल्या गावातून कुणाची तरी मोटारसायकल मागून आणतो आणि तुम्हाला न्यायला येतो."

आम्ही हिशेब केला. त्याने पलीकडल्या गावी जायचे, गाडी मागायची, इकडे यायचे आणि परत जायचे. त्यापेक्षा आम्हीच निघालो तर पन्नास मिनिटांत पोहोचू. आम्ही म्हणालो, "तू आईजवळून हलू नकोस. आम्ही आलोच."

हिशेबात चूक नव्हती. आज सात-आठ वर्षांनंतरही आम्ही तो पुन्हा पुन्हा मांडून पाहतो.

पावणेसहाला आम्ही निघालो. गळ्यात ख्रिस्तप्रसादाची डबी, खिशात पवित्र तेलाची कुपी. धुके होते. चौथ्या किलोमीटरपाशी हँडल जड वाटू लागले. खाली पाहिले तो पुढचे चाक जमिनीला टेकलेले. पंप सायकलीला लावलेला होता, एवढेच काय ते आमचे शहाणपण. हवा भरली, अर्धा किलोमीटर गेलो, पुन्हा चाक बसले. पुन्हा भरली, या वेळी दोनशे पावलेही झाली नाहीत. तिसऱ्यांदा भरताना पंपाचा आवाज थांबल्याबरोबर फुस्स असा आवाज आम्हांस स्पष्ट ऐकू आला. मोबाइल काढून पाहिला. तो जंगलाचा पट्टा. तेथे रेंज नसते हे आम्हांस ठाऊक होतेच, तरी काढून पाहिला.

मग आम्ही सायकल ढकलीत चालू लागलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. सात वाजून गेले तेव्हा एका खळ्यावर एक शेतकरी आणि त्याचा मुलगा भाताच्या पेंढ्या हलवीत होते. तो गृहस्थ आमच्या धर्माचा नव्हे. आम्हांस ओळखत होता. आमच्याकडे आणि चाकाकडे पाहून त्याने काम सोडले. त्याच्याकडे सायकल नव्हती. तो म्हणाला, "टायरात पिंजर कोंबू या, फादर. आम्ही लहानपणी असंच करायचो. हळू जाता येतंय." टायर उचलण्यासाठी काहीतरी हवे होते. आमच्याकडे काहीच नव्हते. त्याने मुलाला घरी पिटाळले, आणि मुलगा धावत जाऊन जेवणाचे दोन चमचे घेऊन आला. चमच्यांच्या दांड्यांनी त्या गृहस्थाने टायर रिमवरून उचलला, ट्यूब ओढून काढून आमच्या हाती दिली, आणि मूठ मूठ पिंजर पिळून टायरात दाबून दाबून भरली. एक चमचा वाकला. त्याचे पैसे आम्ही देऊ केले तेव्हा तो रागावला.

पिंजर भरलेल्या चाकावर सायकल चालते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. दर फेऱ्याला एक गचका बसतो आणि हँडल डावीकडे ओढते, पण चालते. उरलेली वाट आम्ही तशी काटली.

अंगणात पोहोचलो तेव्हा आठाला पाच मिनिटे कमी होती. आजी पावणेसातच्या सुमारास गेली होती.

घरात कोणी मोठ्याने रडत नव्हते. बाराएक वर्षांची नात उशाशी बसून रोझरी म्हणत होती. शेवटी शेवटी आजीचे ओठ हलत नव्हते तेव्हा तिच्या कानाशी पश्चात्तापाची प्रार्थना त्याच मुलीने म्हटली, असे मागाहून कळले. आम्ही हात पाहिला. गार पडला होता. रुग्णाभ्यंग हा जिवंतांसाठी आहे. खिशातली कुपी खिशातच राहिली. आम्ही मृतांसाठीच्या प्रार्थना म्हटल्या, सर्वांनी उत्तरे दिली. मुलगा एवढेच म्हणाला, "सहाला डोळे उघडले होते तिनं. सायकलीचा आवाज येतोय का बघ, म्हणाली." त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. ठपका असता तर ऐकणे आम्हांस सोपे गेले असते.

सायंकाळी दफन झाले. बायका परतल्या, आम्ही अजून ओसरीवर बसून होतो, कारण सायकल तशीच होती. तेव्हा तो मुलगा, ज्याने त्याच दिवशी आईला मातीत ठेवले होते, अंगणात उकिडवा बसला आणि आमचे चाक खोलू लागला. आम्ही नको म्हणालो. तो म्हणाला, "अंधारात परत कसं जाणार, फादर?" त्याने सगळी पिंजर उपसून काढली. घरात पॅचचे साहित्य होते. ट्यूब पाहून तो थबकला. कालच्या ठिगळाला लागूनच नवे भोक होते. मग त्याने आईच्या उशाशी राहिलेल्या कापसाचा एक बोळा आणला आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. त्याने नखाने चाचपून, चिमट्याने बोरीच्या काट्याचे टोक ओढून काढले. भाताच्या दाण्याएवढेही नसेल. बाहेरून ते दिसत नव्हते, बोटालाही सहज लागत नव्हते. हवा भरलेली असताना, वजन पडल्यावर, ते आत टोचत होते.

"काटा आतच होता," तो म्हणाला. "काल ठिगळ लावलं त्यानं बघितलं नाही वाटतं."

दुकानदाराने पाहायला हात घातला होता, हे त्या क्षणी आम्ही सांगावयास हवे होते. आम्ही सांगितले नाही. पुढल्या आठवड्यात, महिन्याच्या मिस्सेला गेलो असता, ते सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि चहा ठेवायला सांगितला.

त्यानंतर आम्ही बाजाराच्या गावी एका वयस्क सायकलवाल्या चाचांकडे गेलो आणि आम्हांस हे काम शिकवा अशी विनंती केली. चाचांना प्रथम थट्टा वाटली. मग त्यांनी एक स्टूल पुढे केले. चार दुपारी आम्ही तेथे बसलो. गिऱ्हाइके आमच्याकडे पाहून हसत. त्याची सवय दुसऱ्या दिवशी झाली.

चाचा प्रथम ट्यूब काढूच देत नसत. आधी वालीवर थुंकीचा थेंब लावून पाहावा. तो फुगला तर दोष वालट्यूबचा, म्हणजे वालपिनवर चढविलेल्या त्या रबरी नळीचा. उन्हाने ती चिरते आणि लोक उगीच पंक्चर झाले म्हणून धावत येतात. वाल चांगली असेल तरच पुढे जायचे. टायर काढण्यापूर्वी वाल कोठे होती तेथे टायरवर खडूची खूण करावी. का, ते नंतर कळते: भोक सापडले की ट्यूब टायरला जुळवून धरायची, वालीपासून जितक्या अंतरावर भोक, तितक्याच अंतरावर टायरात काटा. सगळा टायर चाचपत बसावे लागत नाही. ट्यूबच्या बाहेरील अंगास भोक असेल तर रस्त्याचा दोष. आतील अंगास, रिमच्या बाजूस असेल तर रस्त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, तारेचे डोके वर आले आहे किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. आणि साप चावल्यासारखी दोन भोके शेजारी शेजारी असतील तर हवा कमी असताना दगडावर चाक आपटले आहे. त्याला कोणताही काटा सापडणार नाही, दोष बसणाराचा. हे सांगताना चाचा आमच्याकडे पाहत.

ठिगळाचे शास्त्रही आम्हांस वाटे त्याहून बारीक निघाले. रबराची चकाकी जाईपर्यंत घासायचे, सोल्युशन पातळ लावायचे, आणि मग थांबायचे. सोल्युशन म्हणजे उडून जाणाऱ्या द्रवात विरघळविलेले रबर. तो द्रव उडून गेल्यावरच रबर रबराला धरते. ओले असताना ठिगळ दाबले तर आत राहिलेली वाफ ते उचलते. आम्ही पहिल्या दोन ठिगळांच्या वेळी थांबलो नाही, आणि दोन्ही उचलली गेली. चाचा म्हणाले, "फादर, तुमची प्रार्थना म्हणा तोवर." म्हणून आम्ही मनातल्या मनात रोझरीची एक दशक म्हणतो, तेवढ्यात ते बरोबर वाळते. टायर चढविताना शेवट वालीपाशी करावा आणि शेवटचा भाग अंगठ्यांनीच ढकलावा, पट्टीने नव्हे, नाहीतर आत ट्यूब चिमटली जाऊन नवे भोक पडते.

काम हाती आल्यावर आम्हांस त्या टायराचा इतिहासही वाचावासा वाटला. हवेच्या टायराचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली घेतले होते, पण ते विसरले गेले. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या लहान मुलाच्या तिचाकीसाठी पुन्हा तीच युक्ती काढली. पोराला दगडी रस्त्यावर धक्के बसू नयेत, एवढाच हेतू. आरंभीचे हे टायर रिमला चिकटवून बसविलेले असत. पंक्चर काढण्यास काही तास लागत आणि चिकटविलेला टायर सुकण्यास रात्र जाई. फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी १८९१ साली सहज काढता-घालता येणारा टायर केला, आणि त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत शार्ल तेराँ हा त्या टायरांवर जिंकला. हे वाचीत असताना आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. काढता येणारा टायर आमच्याकडे त्या सकाळी होता. जेवणाचे दोन चमचे नव्हते.

आता हे इतके सगळे कशाला, मोटारसायकल घ्या, असे आमच्या सभेतील एक-दोघे दरवर्षी म्हणतात. अगदी अडीअडचणीच्या वेळी आता आम्ही तसेच करतो; आजाऱ्याचा निरोप आला तर जो गाडी पाठवू म्हणतो त्याला पाठव म्हणतो, आणि तोपर्यंत आम्ही सायकलीवरून त्याच वाटेने निघतो. वाटेत कोठेतरी गाठ पडते. रोजच्या फेऱ्यांस मात्र सायकलच. सुगीच्या दिवसांत त्या खळ्यावरच्या गृहस्थाकडे थांबतो. दोन नवे चमचे आम्ही त्याच्याकडे नेले होते. ते त्याने घेतले, पण वाकलेला मात्र टाकून दिला नाही. तो सरळ करून त्याचा मुलगा अजून वापरतो.

गेल्या महिन्यात त्याच वाडीला मिस्सेसाठी जात असताना, जंगलाच्या पट्ट्यातच, मागचे चाक बसले. आम्ही सायकल उलटी केली, खडूची खूण केली, कापूस फिरविला. काटा बाभळीचा होता, लांबलचक, पाहताच दिसण्यासारखा. तरी कापूस सगळीकडून फिरविला. एक दशक म्हटले. सगळे मिळून पंचवीस मिनिटे गेली. पोहोचलो तेव्हा लोक प्रार्थनामंदिराबाहेर उभे होते आणि मिस्सेला दहा मिनिटे उशीर झालेला होता. त्या आजीचा मुलगा पायरीवर होता. त्याने आमचे काळे झालेले हात पाहिले, आत जाऊन तांब्या आणि साबण आणला, आणि आम्ही हात पुढे केले तसे हळूहळू पाणी घालू लागला.

"मिळाला का?" त्याने विचारले.

आम्ही खिशातून काढून त्याच्या तळहातावर ठेवला.